कडू ल्युपिन, गोड ल्युपिन आणि मेंढीची जीभ: पश्चिम ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, पर्थच्या उत्तरेला चारशेहून थोड्या जास्त किलोमीटरवर जेराल्डटन नावाचं बंदर आहे. बंदरामागची बरीचशी जमीन निव्वळ वाळूची. पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो, मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर लागला की रान करपायला लागतं आणि पुढचे पाच-सहा महिने हिरवं पातं नजरेला पडत नाही. अशा वाळूत नत्र टिकत नाही, स्फुरदही फारसं नसतं. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर भूमध्य समुद्राकाठची एक शेंगवर्गीय वनस्पती तिथे पोचली आणि त्या वाळूत अशी रुजली, की पुढे पेरल्याशिवायच रानोमाळ उगवू लागली. ती म्हणजे ल्युपिन. निळ्या फुलांचा उभा तुरा, मुळांवर नत्राच्या गाठी, शेंगेत टपोरे दाणे. दाण्यांत प्रथिनं भरपूर.

या रानात मेरिनो मेंढ्या चरत आणि त्यांचं वागणं वर्षानुवर्षं ठरलेलं असे. हिवाळ्यात ल्युपिन हिरवंगार, लुसलुशीत उभं असताना मेंढ्या त्याच्या बुडाचं गवत खुडून खात आणि ल्युपिन बाजूला ठेवत. उन्हाळ्यात झाड वाळून त्याची काटकं झाली, शेंगा तडकून दाणे वाळूत सांडले, की त्याच मेंढ्या त्याच शेतात दाणे वेचत फिरत. हिरवं झाड टाळण्याचं कारण कडूपणा. हे जंगली ल्युपिन विलक्षण कडू असतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा कडूपणा सोयीचाच होता. कुंपण न घालता पीक राखलं जाई, दरवर्षी बी धरलं जाई, आणि जेव्हा खायला काहीच उरत नसे नेमकी तेव्हा प्रथिनांची शिदोरी जमिनीवर पडलेली असे.

हे प्रकरण मी निवडलं ते एका ठाम समजुतीमुळे. ‘जनावराला विष कळतं’ असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. मेंढपाळ म्हणतात, पशुखाद्य विकणारे म्हणतात, शिकलेसवरलेलेही म्हणतात. मेंढीनं तोंड लावलं नाही तर चारा वाईट, चाटूनपुसून खाल्लं तर चांगला. पश्चिम ऑस्ट्रेलियात या समजुतीची जणू रानातच परीक्षा झाली. माणसानं ल्युपिनमधला कडूपणा काढून टाकला. आणि त्याच पिकात असं एक विष निघालं, ज्याचा त्या कडूपणाशी काडीचाही संबंध नव्हता. जीभ कशापासून वाचवते आणि कुठे तिचं काही चालत नाही, हे दोन्ही एकाच शेतात बघायला मिळालं.

कडू कशामुळे

ल्युपिनचा कडूपणा क्विनोलिझिडीन गटातल्या अल्कलॉइडांमुळे, म्हणजे झाड स्वतः बनवतं त्या विषारी द्रव्यांमुळे येतो. लुपॅनिन, अँगस्टिफोलिन, स्पार्टीन ही त्यातली ठळक नावं. ही द्रव्यं हिरव्या भागात तयार होतात, रसवाहिन्यांतून झाडभर फिरतात आणि शेवटी दाण्यात साठतात. कडू वाणाच्या दाण्यात त्यांचं प्रमाण एक ते दोन टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतं. माणसाच्या खाण्यात चालेल असं ‘गोड’ ल्युपिन ठरवायची ऑस्ट्रेलियातली मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०२ टक्के आहे. म्हणजे कडू आणि गोड यांत पन्नास ते शंभरपट तफावत पडते. इथे गोड म्हणजे साखरेसारखं गोड नव्हे, फक्त कडू नसलेलं.

झाडाच्या दृष्टीनं हा संरक्षणाचा खर्च आहे. मावा रस शोषतो तेव्हा त्याच्या तोंडात हेच अल्कलॉइड जातं, सशाच्या तोंडातही आणि मेंढीच्याही. आणि हा नुसता चवीचा धाक नाही. भरपूर खाल्लं तर ही द्रव्यं मज्जासंस्थेवर घाला घालतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानांवर रानटी ल्युपिनच्या शेंगा खाऊन मेंढ्या मेल्याच्या घटना जुन्या आहेत: थरथर, झटके, श्वास कोंडणं. त्यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. भुकेलेला कळप लांबून हाकत आणला आणि शेंगा धरलेल्या ल्युपिनच्या पट्ट्यात सोडला, की असे प्रसंग घडत. पोट भरलेली मेंढी त्या शेंगांना सहसा हात लावत नाही. कडू किती सहन करायचं हे जिभेइतकंच रिकामं पोटही ठरवतं.

मेंढी कशी निवडते

मेंढीचं खाणं जवळून पाहिलं तर ती गाईसारखा जिभेनं चाऱ्याला वेढा घालून ओढत नाही. तिचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंना वेगवेगळा हलतो. वर समोरचे दात नाहीत, त्याजागी कठीण गादी. या ओठांनी ती एकेक पान, एकेक दाणा बाजूला काढते. नवं खाद्य गव्हाणीत टाकलं की आधी हुंगते, ओठानं दोन-चार दाणे हलवते, एखादा तोंडात घेते, चावते आणि मान वर करून थांबते. पटलं तर पुन्हा खाली. नाही पटलं तर शेजारणीच्या पुढ्यातलं बघायला जाते, मग परत येऊन आणखी एक दाणा. ही चाखणी कधी काही मिनिटांत उरकते, कधी चार दिवस चालते.

या निवडीत कोणतं इंद्रिय किती कामाचं, यावर गेल्या शतकात बरंच काम झालं. ऑस्ट्रेलियातच सी.एस.आय.आर.ओ. या राष्ट्रीय संशोधन संस्थेत जी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांनी १९६०च्या दशकात मेंढ्यांची दृष्टी, वास, चव आणि स्पर्श ही इंद्रियं निकामी करून त्यांच्या चरण्यात काय फरक पडतो ते पाहिलं. १९७४मध्ये अमेरिकेतल्या क्रूगर, लेकॉक आणि प्राइस या तिघांनी तसाच प्रयोग कुरणात केला. निष्कर्ष असा, की कोणती वनस्पती खायची हे ठरवण्यात सर्वात मोठा वाटा चवीचा. बाकीची इंद्रियं तिला पूरक. त्याआधी, १९७०मध्ये, ओरेगॉनच्या गोचर आणि चर्च यांनी दोन बादल्यांची साधी चाचणी वापरली. एका बादलीत साधं पाणी, दुसरीत क्विनाइन मिसळलेलं कडू पाणी. कडूपणा वाढवत नेला की एका टप्प्याला जनावर कडू बादली सोडतं. गाय, मेंढी, शेळी यांच्या सहनशक्तीत फरक निघालाच, पण एकाच कळपातल्या दोन जनावरांतला फरकही लक्षात येण्याजोगा होता. फ्रान्समध्ये २०१०च्या सुमारास गवतावर वेगवेगळ्या चवींची द्रावणं फवारून मेंढ्यांना दिली तेव्हाही कडू गवताची पसंती सर्वात खाली राहिली.

मात्र या चाचण्या वाचताना एक गोष्ट नजरेआड होते. दोन बादल्यांपुढची मेंढी आणि एकच गव्हाण असलेली मेंढी यांची स्थिती सारखी नसते. पर्याय असेल तर कडूपणाचा परिणाम फार ठळक दिसतो. पर्याय काढून घेतला की बरीचशी जनावरं थोडं कमी, थोडं उशिरा, पण खातातच. जेराल्डटनच्या मेंढ्या हिवाळ्यात ल्युपिन सोडत आणि उन्हाळ्यात दाणे वेचत, यात त्यांची जीभ बदलत नव्हती. शेजारी गवत आहे की नाही एवढंच बदलत होतं.

कडूपणा काढला तो असा

माणूस कडू ल्युपिन हजारो वर्षं खात आला आहे, पण भिजवून, उकळून आणि वाहत्या पाण्यात धुऊन. भूमध्य समुद्राच्या काठी ही पद्धत आहे, दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरातही आहे. मेंढीसाठी एवढं कोण करणार? तिच्यासाठी झाडच बदलायला हवं होतं.

पहिलं पाऊल जर्मनीत पडलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी अल्कलॉइड झटपट ओळखण्याची रासायनिक चाचणी बसवली आणि प्रचंड संख्येनं झाडं तपासून त्यातून जवळजवळ अल्कलॉइड नसलेली मोजकी झाडं शोधून काढली. गवताच्या गंजीत सुई शोधावी तसं हे काम, आणि ते त्यांनी सुई नक्की आहे का याचा भरवसा नसताना केलं. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोठा पराक्रम हाच वाटतो.

त्या गुणाचं पीक करून दाखवलं जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी. युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियामध्ये त्यांनी १९५०च्या दशकात अरुंद पानांच्या ल्युपिनवर काम सुरू केलं. ही जात जेराल्डटनच्या रानटी ल्युपिनहून वेगळी, कुळ तेच. त्यांना तीन अडचणी सोडवायच्या होत्या: कडूपणा, शेंगा तडकून दाणे सांडणं आणि उशिरा फुलणं. १९६७मध्ये ‘युनिव्हाइट’ आलं, १९७१मध्ये शेंगा न तडकणारं ‘युनिहार्व्हेस्ट’, १९७३मध्ये लवकर फुलणारं ‘युनिक्रॉप’. गोड वाणाला त्यांनी मुद्दाम पांढरं फूल आणि पांढरं बी दिलं. रानटी कडू झाडाचं फूल निळं. त्यामुळे पांढऱ्या शेतात एखादा निळा तुरा उभा दिसला, की कडू बियाणं मिसळलं आहे हे बांधावरूनच कळे. अल्कलॉइड डोळ्यांना दिसत नाही, फूल दिसतं. पैदासकारानं शेतकऱ्याच्या सोयीचा इतका विचार केलेला पाहून आदर वाटतो.

नव्वदच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात ल्युपिनखालचं क्षेत्र दहा लाख हेक्टरच्या वर गेलं. तोवर जी वाळू पडीक म्हणून सोडली जाई, तिच्यात आता गहू आणि ल्युपिन आलटूनपालटून येऊ लागले.

गोड झाल्यावर मेंढ्यांनी काय केलं

खाल्लं. हिरवं, अर्धवट वाळलेलं, दाणा, टरफल, सगळं. जे झाड मेंढी टाळून चालत असे त्याच कुळातल्या झाडावर आता कुंपण घालून तिला थोपवावं लागलं. ससे आले, कांगारू आले, आणि माव्यानं तर या पिकावर धाड घातली. कडूपणानं किती राखण केली होती याचा हिशेब कडूपणा गेल्यावरच लागला.

फायदा मात्र मोठा होता. गोड ल्युपिनच्या दाण्यात प्रथिनं ३० टक्क्यांच्या वर आणि स्टार्च जवळजवळ नाही. गहू किंवा बार्ली एकदम जास्त दिली तर मेंढीच्या पोटात आम्ल वाढतं, ती फुगते, बसते, मरतेही. म्हणून धान्याचा खुराक हळूहळू वाढवावा लागतो. ल्युपिनला ती भीती फार कमी. मजूर कमी आणि शेत हजारो एकरांचं, अशा ठिकाणी ही मोठीच सोय. गाडीच्या मागून दाण्याची रेघ ओढत जायची आणि मेंढ्या रांगेनं वेचतात, तेही आठवड्यातून दोनदा दिलं तरी भागतं. माद्यांना मेंढा लावायच्या सुमाराला रोज अर्धा किलो ल्युपिन दोन आठवडे दिलं तर जुळ्यांचं प्रमाण वाढतं, नरांना दोन महिने आधीपासून दिलं तर त्यांची वीर्यक्षमता सुधारते. ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांना हे आता तोंडपाठ आहे.

एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. गोड ल्युपिनही, कधी न पाहिलेल्या मेंढीला, पहिल्याच दिवशी पसंत पडतो असं नाही. न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेल इथे लिंच आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये गव्हावर केलेलं काम याचा उलगडा करतं. दूध पिणाऱ्या कोकरांना आईबरोबर थोडे दिवस गहू चाखायला मिळाला, तर दूध तुटल्यावर ती गहू लगेच खातात. ज्यांना तो कधी दिसलाच नाही ती भुकेली राहूनही बराच काळ त्याकडे बघत नाहीत. आईबरोबर शिकलेली ही आठवण सुमारे तीन वर्षांनंतरही टिकल्याचं पुढे दिसलं. म्हणून तिथले जाणते शेतकरी दुष्काळ येण्याआधी, कोकरं आईजवळ असतानाच, दाण्याची दोन-चार वेळा तोंडओळख करून देतात. दाणा कडू नाही, चांगला आहे, एवढ्यानं काम भागत नाही. कोकरानं तो आईला खाताना पाहिलेला असावा लागतो.

न कळलेलं विष

आता या प्रकरणाचा गाभा. मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण नुकसान इथे झालं.

जर्मनीत १८७२पासून ल्युपिनवर चरणाऱ्या मेंढ्यांत एक रोग दिसू लागला. मेंढी खाणं सोडते, कळपाच्या मागे रेंगाळते, हाकललं की धापा टाकत उभी राहते. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या होतात. शवविच्छेदनात यकृत सुजलेलं, पिवळट, चरबीनं भरलेलं निघतं. जुन्या दुखण्यात ते आकसून कठीण झालेलं. या रोगाला ल्युपिनोसिस नाव पडलं. कडू झाड आणि मेलेली मेंढी समोर असली की संशय अल्कलॉइडवर जाणं साहजिक होतं. पण अल्कलॉइडची बाधा मज्जासंस्थेची असते, ही बाधा यकृताची होती. आणि विसाव्या शतकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी, गोड ल्युपिनच्या धसकटातही, हाच रोग पाहिला. कडूपणा गेला, रोग राहिला.

गुन्हेगार एक बुरशी निघाली. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७०मध्ये मेंढ्यांवर प्रयोग करून हे सिद्ध केलं, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कृषी विभागात गार्डिनर व इतरांचं काम त्याच दिशेनं चाललं होतं. आज तिला डायापोर्थी टॉक्सिका म्हणतात. ही बुरशी हिरव्या झाडाच्या खोडात, सालीच्या आत, काहीही न करता दबून बसते. झाड मेलं, वाळलं आणि उन्हाळ्यात अवेळी पाऊस पडला, की ती फोफावते. तेव्हा ल्युपिनची वाळकी काटकी हातात घेतली तर तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. ते तिचे बीजाणू तयार करणारे कोश. बुरशी फोफावतानाच फोमॉप्सिन नावाचं विष तयार होतं. सी.एस.आय.आर.ओ.च्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना १९८०च्या दशकात उलगडली. पेशी विभागताना आतले धागे ज्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून बनतात, त्यालाच हे विष धरतं. यकृताच्या पेशींचं विभाजन अडतं आणि यकृत खचत जातं.

मेंढ्यांचं वागणं इथे अगदी क्रमवार दिसतं. काढणीनंतर मेंढ्या धसकटात सोडल्या, की त्या आधी सांडलेले दाणे वेचतात, मग पानगळ आणि शेंगांची टरफलं. खोडाकडे कुणी बघत नाही, कारण खोडात फक्त काष्ठ. दाणे संपत आले, की कळप काटक्या चावायला लागतो. नेमक्या त्या दिवसांत पाऊस पडून गेलेला असेल तर प्रत्येक घासाबरोबर फोमॉप्सिन पोटात जातं. कडू हिरवं झाड मेंढी एका घासात ओळखून सोडते. बुरशीची काटकी मात्र ती चावत राहते, यकृत थकून भूकच मरेपर्यंत. आणि भूक मेली म्हणजे उपाय करायची वेळ बहुतेक निघून गेलेली असते.

जीभ कुठे कमी पडते

युटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या फ्रेड प्रोव्हेंझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीसेक वर्षं या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मेंढी चवीवरून निवडते हे खरं, पण चवीचा अर्थ तिला पोट शिकवतं. खाल्ल्यावर शक्ती आली तर ती चव आवडू लागते, मळमळ झाली तर तीच चव नकोशी होते. कोकराला एखादी नवी वनस्पती खाऊ घालून लगोलग लिथियम क्लोराइड दिलं, म्हणजे पोट ढवळेल अशी तजवीज केली, तर ते कोकरू त्या वनस्पतीकडे पुढे कित्येक महिने फिरकत नाही. मग ती वनस्पती मुळात कडू होती की नव्हती, याला महत्त्व उरत नाही.

२००६मध्ये प्रसिद्ध झालेला व्हियाल्बा, प्रोव्हेंझा आणि शॉ यांचा प्रयोग तर फारच बोलका आहे. कोकरांना तीन प्रकारचे त्रास देणारी खाद्यं दिली: एक आम्ल वाढवणारं धान्य, एकात टॅनिन, एकात ऑक्झॅलेट. प्रत्येकाबरोबर त्यावरचा उतारा चाखायची संधीही दिली. आम्लावर सोडियम बेंटोनाइट माती, टॅनिनवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ऑक्झॅलेटवर डायकॅल्शियम फॉस्फेट. पुढे ज्या कोकरांना हा संबंध जुळवायची संधी मिळाली होती, त्यांनी जो त्रास होत होता त्यावरचाच उतारा जास्त खाल्ला. ज्यांना तो संबंध शिकायला मिळाला नव्हता, त्यांना जमलं नाही.

म्हणजे मेंढीच्या अंगात विष ओळखायची जन्मजात विद्या फार थोडी आहे आणि शिकायची ताकद मोठी. कडूपणाचा तिटकारा जन्मजात आहे, पण ती नुसती सावधगिरी. कडू खाऊन काही बिघडलं नाही आणि पोट भरलं, तर मेंढी ते कडूही खाऊ लागते. या शिकण्याला एक अट असते: शिक्षा लवकर मिळायला हवी. मळमळ काही तासांत झाली तर ती कोणत्या घासानं झाली हे जनावर जुळवू शकतं. फोमॉप्सिन यकृत खचवायला दिवस लावतं, आणि मळमळीच्या यंत्रणेला ते सुरुवातीला डिवचत नाही. मधल्या काळात मेंढीनं दहा गोष्टी खाल्लेल्या असतात. दोष कोणाचा हे पोटालाच कळत नाही, मग ते जिभेला काय शिकवणार?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कृषी विभागानं पुढे जे केलं ते मेंढीच्या अकलेवर न विसंबता. एकीकडे बुरशीला दाद न देणारे वाण आणले; १९८८मध्ये आलेलं ‘गुंगुरू’ हे त्यातलं ठळक नाव. दुसरीकडे शेतकऱ्याला दाणे मोजायला शिकवलं. हेक्टरी ५० किलोच्या खाली दाणा उतरला, की मेंढ्या बाहेर काढायच्या. हे ऐकायला अवघड वाटतं, पण करायला सोपं आहे. एक चौरस मीटर जागेतली माती बोटांनी चाळायची. पस्तीस-चाळीस दाणे मिळाले तर ते साधारण ५० किलो. शेतात आठ-दहा ठिकाणी हे करायचं, आणि उन्हाळी पाऊस पडून गेल्यावर तर रोज कळपावर नजर ठेवायची. कोण मागे रेंगाळतं हे बघायला कळप थोडा पळवायचा.

आपल्या गव्हाणीत

ल्युपिन आपल्याकडे पेरलं जात नाही, पण हे सगळं माण, खटाव, आटपाडी, जतच्या मेंढपाळांच्या रोजच्या कामातलं आहे. कडूचं आपलं उदाहरण म्हणजे लिंबोळी. लिंबोळीच्या गराच्या पेंडीत प्रथिनं चांगली असतात आणि भुईमुगाची पेंड महाग. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकात या पेंडीवर सलग काम केलं. कच्ची पेंड कडू; जनावर ती कमी खातं आणि वाढ मंदावते. मग पेंड पाण्यानं धुऊन किंवा युरिया लावून काही दिवस मुरवून पाहिली. कडू लिमोनॉइडं त्यामुळे कमी होतात, आणि अशी पेंड शेळ्या-कोकरांच्या खुराकात भुईमुगाच्या पेंडीऐवजी वापरता आली. इथे मेंढीचा नकार खरा होता आणि तो ऐकण्यासारखाही होता.

सुबाभळीचं नेमकं उलटं. तिचा पाला कडू नाही, कोकरं तुटून पडतात. पण त्यातल्या मायमोसिनमुळे, नुसता तोच पाला दीर्घकाळ दिला तर, लोकर गळते आणि गळ्यातली ग्रंथी वाढते. शेंगदाण्याच्या पेंडीला लागलेल्या बुरशीचं आणखी वाईट. तिच्यातून येणारं अफ्लाटॉक्सिनही यकृताचंच विष, हळू चढणारं. भुकेली मेंढी ती पेंड संपवते, आणि मालक समजतो पचली.

बंदिस्त शेळी-मेंढीपालन वाढत असताना ही गोष्ट जास्त जपावी लागणार आहे. माळावर चरणाऱ्या दख्खनी मेंढीपुढे वीस वनस्पती असतात. एक कडू निघाली तर ती दुसरीकडे वळते, एखादी थोडी विषारी असली तरी वीसांत तिचा अंश लहान राहतो. गव्हाणीत तिच्यापुढे आपण टाकू तेवढंच. तिथे तिच्या नकाराला वाव नाही आणि तिच्या होकारावर विसंबता येत नाही. म्हणून नवं खाद्य द्यायचं तर मूठभरापासून, जुन्या चाऱ्यात मिसळून, आणि शक्यतो ते खाणाऱ्या मोठ्या मेंढ्यांच्या सोबतीनं. कोकरं दुधावर असतानाच ती चव त्यांच्या तोंडी लागली तर उत्तम. आणि पेंडीचं पोतं फोडल्यावर गोळे झालेले, हिरवट-काळी झाक आलेले, दमट वासाचे असतील, तर ते मेंढीपुढे टाकून ती काय करते हे बघत बसू नये. पोतं तसंच बाहेर न्यावं आणि ते शेळ्या-कोंबड्यांच्याही वाटेत येणार नाही असं खोल पुरावं.